किंमत आणि टिकाऊपणा : नांदेड-लातूरच्या घरगुती वस्तूंचा हिशेब

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. सोयाबीनचे पैसे शेतकऱ्याच्या हाती आले की दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत या रस्त्यांवर पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. नांदेडच्या वजिराबादेतही त्या दिवसांत हेच दृश्य दिसते. भांड्यांच्या दुकानात सारख्याच आकाराचे आणि सारख्याच चकाकीचे दोन कुकर शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट असते. दोहोंत फरक काय, असे ग्राहकाने विचारले तर बहुधा 'कंपनीचा' एवढेच उत्तर मिळते. या उत्तराने कोणाचेही समाधान होण्यासारखे नाही. नाव मोठे असले म्हणजे माल चांगला असतोच असे नाही. आणि माल चांगला असला तरी तो त्या विशिष्ट घराला परवडेल असेही नाही.

दरमहा वेतन घेणाऱ्या कुटुंबाची निवड चुकली तर थोडा मनस्ताप होतो आणि पुढच्या महिन्यात वस्तू बदलता येते. ज्या घरात पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो, तेथे चुकीच्या खरेदीचा अर्थ वेगळा होतो. ऐन उन्हाळ्यात बंद पडलेला पंखा किंवा वाफ धरीत नसलेला कुकर बदलण्यासाठी तेथे उसनवारी करावी लागते. स्वस्त वस्तू पुनःपुन्हा घेण्यात गरीब माणसाचा जो पैसा जातो, तो पुष्कळदा सधन माणसाने एकदाच घेतलेल्या महाग वस्तूच्या किमतीहून अधिक भरतो. म्हणून हा विषय केवळ आवडीनिवडीचा न राहता कुटुंबाच्या अर्थकारणाचा होतो.

वजनावर विकले जाणारे भांडे

लातूरची पितळी भांडी, कुलुपे आणि अडकित्ते यांचा लौकिक मराठवाड्यात जुना आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पितळेची घागर, हंडा, परात किंवा पातेले नगावर नव्हे, तर तागडीत घालून वजनावर विकले जाई. या पद्धतीत एक मोठी सोय होती. किमतीत धातूचा भाग किती आणि घडणावळ किती, हे ग्राहकाला उघड दिसे. पातळ पत्र्याचे भांडे आपोआपच कमी किमतीचे होई. त्याला जाड भांड्याची किंमत लावण्याची सोय दुकानदाराला नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फुटके, चेपलेले, झिजलेले पितळी भांडे मोडीत देता येई आणि धातूची किंमत परत मिळे. भांड्यावर खर्च केलेल्या रकमेपैकी खऱ्या अर्थाने खर्ची पडे ती केवळ घडणावळ आणि झीज. उरलेली रक्कम फडताळात ठेवलेल्या ठेवीसारखी होती. मुलीला आंदण म्हणून दिलेल्या भांड्यांवर तिचे नाव कोरण्याची चाल याच दृष्टीने पाहिली पाहिजे. ते तिचे स्वतःचे धन होते. १९७२ च्या दुष्काळासारख्या प्रसंगी ज्या घरात दागिना नव्हता, त्या घरात हीच भांडी गहाण टाकावी लागत किंवा मोडीत घालावी लागत. त्या अर्थाने महाग भांडे घेणारा माणूस चैन करीत नव्हता, बचत करीत होता.

म्हणून आजही पितळच घ्यावे काय? येथे थोडा हिशेब मांडणे इष्ट ठरेल. समजा, तीन किलोचे पितळी पातेले ९०० रुपये किलोने २,७०० रुपयांना घेतले आणि तीस वर्षांनी ते ५०० रुपये किलोने मोडीत दिले, तर १,५०० रुपये परत येतील. निव्वळ खर्च १,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ४० रुपये पडला. हा आकडा आकर्षक वाटतो. परंतु त्यात कल्हई धरलेली नाही. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच किंवा आंबट वरण ठेवले की ते कळकते, म्हणजे आम्लामुळे धातूचा अंश अन्नात उतरतो. तो टाळण्यासाठी भांडे भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर आतून द्यावा लागतो. नित्याच्या स्वयंपाकातले भांडे वर्षातून निदान दोनदा कल्हईला द्यावे लागते. एका वेळचे २०० रुपये धरले तरी वर्षाला ४०० रुपये होतात. भांड्याची किंमत वर्षाला ४० रुपये आणि त्याची निगा वर्षाला ४०० रुपये, असा हा उलटा प्रकार आहे. शिवाय दारोदार फिरणारा कल्हईवाला आता सहजासहजी मिळत नाही. मिळालाच, तर त्याच्या कथलात शिशाची भेसळ नाही ना, हे पाहावे लागते. कारण शिसे आरोग्यास घातक आहे.

याच्या तुलनेत चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे दीड किलोचे पातेले ५०० रुपये किलोने ७५० रुपयांना पडले आणि पंचवीस वर्षे टिकले, तर मोडीची किंमत न धरताही वर्षाला ३० रुपयेच पडतात. निगा राखण्याचा खर्च जवळजवळ नाही. तेव्हा आंबट, खारट शिजविण्याच्या कामी पितळेचा आग्रह धरणे हिशेबात बसत नाही. पाणी साठविण्याच्या घागरीची किंवा हंड्याची गोष्ट निराळी. तिला कल्हई लागत नाही आणि ती दोन पिढ्या टिकते. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू कमी होतात, हे प्रयोगांनीही दिसून आले आहे. मात्र त्याने पाण्यातील क्षार किंवा फ्लोराइड कमी होत नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागातील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. अशा गावांत तांब्याच्या महाग घागरीवर विसंबून राहणे धोक्याचे होईल.

चकाकी सारखी, धातू निराळा

स्टेनलेस स्टील हे एकच नसते, ही गोष्ट अद्याप पुरेशी परिचित नाही. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले म्हणजे त्याला गंज धरण्याचे प्रमाण फार कमी होते. '३०४' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेल महाग असल्याने '२००' मालिकेतील प्रतीत त्याचा बराचसा भाग मँगनीज घालून भरून काढतात. दोन्ही भांडी दुकानात सारखीच चकाकतात. क्षारयुक्त पाणी आणि मीठ यांच्याशी नित्य संबंध आला म्हणजे हलक्या प्रतीच्या भांड्यावर काही महिन्यांत तांबूस ठिपके दिसू लागतात. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत हा अनुभव लवकर येतो.

लोहचुंबक लावून पाहण्याची एक परीक्षा सर्वत्र सांगितली जाते. ती विश्वासार्ह नाही. ३०४ आणि २०० मालिका या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणजे ज्या दोहोंत निवड करावयाची, त्या दोहोंतील फरकच ही परीक्षा सांगत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे भांड्यावरील प्रमाणचिन्ह आणि पावतीवर प्रतीचा स्पष्ट उल्लेख. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे 'आयएसआय' हे चिन्ह घरोघर पोहोचले. १ एप्रिल १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. चिन्ह तेच राहिले. घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून हे चिन्ह बंधनकारक झाले. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही केंद्र शासनाने १४ मार्च २०२४ रोजी तसाच आदेश काढला. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. या दोहोंवाचून नुसते चिन्ह उमटविलेले असेल, तर तो माल संशयास्पद समजावा. मानक ब्यूरोच्या भ्रमणध्वनीवरील 'बीआयएस केअर' या सुविधेत परवान्याचा क्रमांक घातला की तो खरा की खोटा, हे लगेच समजते.

पंखा कोठे लावणार, यावर उत्तर अवलंबून

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पंखा ही चैन नाही. बाजारात साधा पंखा सुमारे १,५०० रुपयांना आणि ब्रशविरहित मोटरचा, बीएलडीसी म्हणून ओळखला जाणारा पंखा सुमारे ३,००० रुपयांना मिळतो असे धरू. पहिला साधारण ७५ वॅट वीज घेतो, दुसरा सुमारे ३० वॅट. म्हणजे दर तासाला ४५ वॅट-तासांची बचत झाली. बैठकीच्या खोलीत पंखा रोज बारा तास आणि वर्षातील २४० दिवस चालला, तर वर्षाला सुमारे १३० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरल्यास ही बचत १,०४० रुपयांची होते आणि वाढीव १,५०० रुपये दीड वर्षाच्या आतच वसूल होतात. तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत रोज दोन तासच चालला, तर वर्षाला जेमतेम २२ युनिट वाचतात. त्या हिशेबाने वाढीव किंमत वसूल होण्यास साडेआठ वर्षे लागतील, आणि तोवर पंखा नीट चालेलच याची हमी कोणी देत नाही. एकच वस्तू एकाच घरातील एका खोलीत स्वस्त आणि दुसऱ्या खोलीत महाग ठरते, ती अशी.

ज्या घराचा वीजवापर थोडा आहे, त्याला युनिटचा दरही कमी लागतो. ५ रुपये दराने पहिल्या उदाहरणातील बचत ६५० रुपयांवर येते आणि वसुलीला सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तरीही सौदा वाईट नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाल्याने ही तुलना आता सोपी झाली आहे. लेबलावर ते कोणत्या कालावधीचे आहे, हेही छापलेले असते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. निकष काही वर्षांनी कडक होतात. जुन्या कालावधीचे पाच तारे नव्या निकषांत तितके भरत नाहीत. दुकानात मागे पडलेला जुना माल 'पंचतारांकित' म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा ही बारीक अक्षरे उपयोगी पडतात.

मात्र येथे दुसरी बाजू नोंदविणे आवश्यक आहे. साध्या पंख्याचा कपॅसिटर गेला किंवा वाइंडिंग जळले, तर मुखेड, देगलूर, निलंगा, अहमदपूर अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी कारागीर ते करून देतो. नव्या पंख्यात इलेक्ट्रॉनिक पाटी असते. विजेच्या दाबातील चढउताराने ती जळाली, तर मूळ कंपनीची पाटीच आणावी लागते. ती जिल्ह्याच्या गावी मिळत नसेल, तर तीन हजारांचा पंखा कारखान्यातून कितीही उत्तम निघालेला असो, गावात तो निकामीच होय. महाग वस्तू घेताना दुकानदाराला विचारावयाचा पहिला प्रश्न किमतीचा नसून सुट्या भागांचा असावा : ते कोठे मिळतात, किती दिवसांत मिळतात आणि बसवून कोण देतो. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'विषयीचे संकेतस्थळ सुरू केले. हमीची मुदत, दुरुस्ती आणि सुटे भाग यांची माहिती कंपन्यांनी ग्राहकासमोर ठेवावी, हा त्यामागील हेतू आहे.

वस्तू किती टिकावी, हे केवळ धातूवर आणि कारागिरीवर ठरते असे मानणे भाबडेपणाचे होईल. १९२४ मध्ये जगातील बड्या दिवे उत्पादकांनी संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले होते. त्याहून अधिक टिकणारे दिवे करणे त्यांना अशक्य होते म्हणून नव्हे, तर खप वाढावा म्हणून.

गादी, ध्वज आणि पाण्याची टाकी

कापसाच्या गादीचे उदाहरण या भागाला जवळचे आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण १९८० च्या दशकापासून दूरवर पसरला. कापसाच्या मुलखात गादी घरच्या रुईची असे. ती दबली की पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून, नवी खोळ घालून पूर्ववत होई. फोमच्या गादीचे तसे नाही. हलक्या प्रतीचा फोम दोन-तीन वर्षांत मध्ये खचतो आणि त्याचे पुढे काहीच करता येत नाही. दाट, चांगल्या प्रतीचा फोम बराच काळ टिकतो. परंतु त्याची घनता किती, हे बहुतेक ग्राहक विचारत नाहीत, कारण आवरण इतके सुबक असते की आत पाहण्याचे सुचतच नाही.

टिकाऊपणापलीकडेही किंमत असते, हे दर्शविणारी एक वस्तू नांदेडलाच तयार होते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा राष्ट्रध्वज उदगीर (जि. लातूर) येथील खादीपासून केला जातो. भारतीय मानकांच्या क्रमवारीत पहिला क्रमांक, 'आयएस १', हा राष्ट्रध्वजाच्या मानकाचाच आहे. सुताची संख्या, कापडाचे वजन, रंगाचा पक्केपणा या सर्वांची त्यात कसोटी आहे. ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ रोजी दुरुस्ती होऊन पॉलिएस्टर व यंत्रनिर्मित कापडाचे ध्वजही मान्य झाले, आणि २०२२ च्या 'घरोघरी तिरंगा' मोहिमेत असे स्वस्त ध्वज लक्षावधी घरांत पोहोचले. पावसात आणि वाऱ्यात पॉलिएस्टर खादीपेक्षा अधिक तग धरते, हे मान्य केले पाहिजे. खादीच्या ध्वजाला दिलेली जादा रक्कम टिकाऊपणासाठी नसते. ती सूतकताई करणाऱ्या आणि मागावर बसणाऱ्या हातांची मजुरी असते. ती द्यावी की न द्यावी, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे, पण ती कशासाठी आहे हे ठाऊक असावे.

पाणी साठविण्याच्या टाकीच्या बाबतीत मात्र असा पर्याय ठेवणे योग्य नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आले. त्या उन्हाळ्यात पिंप, टाक्या, घागरी या वस्तू लातूरकरांना अन्नाइतक्याच निकडीच्या झाल्या होत्या. निकडीच्या वेळी मिळेल ते घेतले जाते आणि रसायनांची रिकामी झालेली पिंपेही स्वस्त म्हणून घरात येतात. अशा पिंपाच्या प्लास्टिकमध्ये रसायनाचा अंश मुरलेला असतो, कितीही धुतले तरी तो पूर्णपणे निघत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी ती कदापि वापरू नयेत. पाण्याच्या प्लास्टिक टाकीला मानक आहे. चांगल्या टाकीचे प्लास्टिक उन्हाने लवकर ठिसूळ होत नाही आणि आत प्रकाश जात नसल्याने शेवाळ धरत नाही. येथे वाढीव किंमत निःशंकपणे द्यावी. कुकरची झडप आणि गॅसची नळी यांनाही हाच नियम लागू आहे. ज्या वस्तूच्या बिघाडाने जीवितास अपाय होऊ शकतो, तिच्यात काटकसरीला जागा नाही.

हप्त्याने घेतलेली महागडी वस्तू

चांगली वस्तू घ्यावी, पण रोख पैसा नाही, म्हणून हप्त्याचा मार्ग पत्करला जातो. तेथे वस्तूचा चांगुलपणा व्याजात विरघळून जातो. १२,००० रुपयांची वस्तू 'वर्षाला १२ टक्के सरळ व्याजाने' घेतली, तर १,४४० रुपये व्याज मिळवून दरमहा १,१२० रुपयांचे बारा हप्ते पडतात. मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण रकमेवर आकारलेले असते. त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. 'शून्य टक्के व्याजा'च्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांच्या अशा योजनांवर आक्षेप घेतला, तो याच कारणास्तव. रोखीने घेतल्यास किती सवलत मिळेल, एवढे विचारले तरी या शून्याची खरी किंमत बाहेर येते.

शाळा आणि ग्रामपंचायतीची खरेदी

शाळेच्या पोषण आहारासाठी घ्यावयाची पातेली, अंगणवाडीतील ताटे, ग्रामपंचायतीच्या सभागृहातील पंखे व खुर्च्या ही खरेदी घरगुती वस्तूंचीच, परंतु सार्वजनिक पैशाची असते. किमान दराची निविदा स्वीकारण्याच्या नियमाकडे बोट दाखवून हलका माल घेतला गेल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. वस्तुतः किमान दराचा नियम विनिर्देशांची पूर्तता करणाऱ्या निविदांनाच लागू होतो. मागणीपत्रात नुसते 'स्टील पातेले, नग ५' असे लिहिले, तर सर्वांत पातळ पत्र्याचे पातेले सर्वांत कमी दराने येणारच. त्याऐवजी धातूची प्रत, पत्र्याची जाडी, नगाचे किमान वजन, मानकाचा क्रमांक आणि हमीची मुदत नमूद केली, तर तोच नियम चांगल्या मालाच्या बाजूने उभा राहतो. माल ताब्यात घेताना तो तागडीवर घालून पाहण्यास कोणताही नियम आड येत नाही.

जडवस्तू नोंदवहीचा उपयोग येथे करून घेण्यासारखा आहे. बहुतेक ठिकाणी ती लेखापरीक्षणापुरती उघडली जाते. वस्तू केव्हा घेतली, कितीला घेतली आणि केव्हा निर्लेखित झाली, या तीन नोंदी तिच्यात असतातच. त्यांवरून प्रत्येक वस्तूचा दरवर्षीचा खर्च काढता येतो आणि कोणता माल पुन्हा घ्यावा, कोणता टाळावा, हे मुख्याध्यापकाला किंवा ग्रामसेवकाला कोणाच्या शिफारशीवाचून समजते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना भागाकाराचे उदाहरण म्हणून हे काम दिले तरी चालेल.

एवढी काळजी घेऊनही वस्तू सदोष निघाल्यास ग्राहकाला दाद मागता येते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यानुसार तक्रारदार ज्या जिल्ह्यात राहतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. खरेदी पुणे-मुंबईची किंवा घरबसल्या मागविलेली असली, तरी नांदेड वा लातूर येथेच दाद मागण्याची सोय आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेकडे प्रथम विचारणा केल्यास काही तक्रारी आयोगापर्यंत न जाताच मिटतात. या सर्व मार्गांत पावती आणि हमीपत्र ही दोन कागदपत्रे लागतात. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व खरेदीची तारीख नसेल तर ते ग्राह्य धरले जाईलच असे नाही. म्हणून शिक्का दुकानातून निघण्यापूर्वीच मारून घ्यावा आणि थर्मल कागदावरील पावतीची अक्षरे काही महिन्यांत उडून जात असल्याने तिची छायाप्रत काढून ठेवावी.